पावसाळ्यात सातारा बघायचा, तर आधी औंध गाठा

पत्र: सांगलीत आमचं साड्यांचं दुकान आहे. आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे जुलैच्या मध्यावर तीन दिवस सवड निघते. गेल्या डिसेंबरात साताऱ्याला गेलो होतो, पण संग्रहालयात एकामागून एक शाळांच्या सहली येत होत्या. मुलीला काचेच्या पेटीपर्यंत पोचताही आलं नाही. आता गर्दी नसताना पुन्हा जावं म्हणतोय. मुलगी सातवीत आहे, तिला वाघनखं आणि प्रतापगड बघायचाय. सोबत पत्नी आणि वडील. वडिलांचं वय ७६, गुडघे दुखतात. गाडी घरची आहे. भर पावसात असं जाणं शहाणपणाचं आहे का? काय बघावं, काय टाळावं?
एक वाचक, सांगली

उत्तर: नमस्कार. जरूर जा. फक्त प्रतापगड या खेपेला वगळा, आणि वाघनखांचं मुलीला निघायच्या आधीच सांगून टाका. ती आता साताऱ्यात नाहीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४ पासून सात महिने साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात होती. तिथून पुढे दुसऱ्या शहरांत गेली. दारात पोचल्यावर हे कळलं तर मुलीचा अख्खा दिवस हिरमुसण्यात जाईल. तिला सांगण्यासारखी गोष्ट मात्र आहे. लंडनच्या संग्रहालयातली ही वाघनखं ज्या जेम्स ग्रँट डफकडे होती, तो १८१८ नंतर साताऱ्यातच इंग्रजांचा प्रतिनिधी होता. म्हणजे वस्तू गेली असली तरी तिच्या प्रवासाचं एक टोक याच शहरात आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. गर्दी नाही आणि लॉज स्वस्त, एवढाच ऑफ-सीझनचा अर्थ घेतला तर सातारा जिल्ह्यात हमखास फसायला होतं. इथे प्रत्येक जागेचा रिकामा काळ वेगळा आणि बघण्याजोगा काळही वेगळा. दोन्ही जुळतात तिथेच जायचं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. पश्चिमेला घाटमाथ्यावर हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत, तेव्हा पूर्वेला खटाव-माणमध्ये शेतकरी आभाळाकडे बघत बसलेला असतो. त्यामुळे जुलैत गाडीचं तोंड पूर्वेकडे ठेवायचं. हवामान खातंसुद्धा सातारा जिल्हा आणि साताऱ्याचा घाट भाग असे दोन वेगळे इशारे देतं. घाटाला ऑरेंज अलर्ट दिसला म्हणून सहल रद्द करू नका. आणि जिल्ह्याला काही नाही म्हणून महाबळेश्वरकडे वळू नका.

म्हणून पहिला मुक्काम औंध. सांगलीहून आधी सातारा गाठून मग औंधला मागे येण्याची चूक बरेच जण करतात. त्याची गरज नाही. कराडहून मसूर, पुसेसावळी करत थेट औंधला जा आणि तिथून रहिमतपूरमार्गे साताऱ्याला मुक्कामाला पोचा. सकाळी सातला निघालात तर संग्रहालय उघडायच्या सुमाराला औंधात असाल.

औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय १९३८ चं. संस्थानचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि यमाईच्या डोंगराच्या उतारावर त्यांनी हे मुद्दाम संग्रहालय म्हणूनच बांधलं. सांगलीकरांना हे नाव परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलजवळचा माळ देणारे हेच, आणि आज तुमच्या जिल्ह्यात असलेली आटपाडीही तेव्हा औंध संस्थानात होती. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर या चित्रकारांची चित्रं, बंगाली शैलीतली चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्प, एवढं सगळं एका छपराखाली. हेन्री मूरचं शिल्प खटाव तालुक्यात आहे हे साताऱ्यातल्याही अनेकांना ठाऊक नसतं, याचं वाईट वाटतं.

इथे घाई करू नका, तीन तास हाताशी ठेवा. रविवर्म्याची चित्रं आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर आणि देवघरात पाहिली आहेत, पण ती छापील. मूळ तैलचित्र जवळून बघायची एक रीत आहे, आणि साडीच्या दुकानदाराला ती इतरांपेक्षा लवकर साधेल. आधी नेहमीच्या अंतरावरून चित्र बघा. मग परवानगी आहे तेवढं जवळ जा आणि फक्त काठ-पदराकडे पाहा. जरीचा काठ एका सलग सोनेरी रेघेत काढलेला नसतो. पिवळा, तपकिरी, जवळजवळ पांढरा अशा रंगाचे जाडसर ठिपके आणि आखूड फटकारे असतात. जवळून तो जरीचा वाटतच नाही. चार पावलं मागे या, की काठ चमकायला लागतो. आता मुलीला विचारा, साडी कुठल्या पोताची आहे, जड की हलकी, आणि ते तिला कशावरून कळलं. चुणी कुठे मोडते आणि उजेड कुठे सांडतो यावरून ती सांगू शकेल. छापील प्रतीत हे हरवतं, कारण छपाईत रंगाचा थर सपाट होतो.

ढगाळ दिवसाचा इथे फायदाच आहे. काचेमागच्या किंवा वॉर्निश चढवलेल्या चित्रावर खिडकीतलं ऊन पडलं की समोर चित्राऐवजी आपलंच प्रतिबिंब दिसतं. आभाळ भरलेलं असलं की उजेड सगळीकडून सारखा येतो. तरी चमक आलीच, तर चित्रासमोर उभं न राहता एका बाजूला दोन पावलं सरका. वरच्या ओळीतल्या चित्रांसाठी छोटी दुर्बीण नेली तर वडिलांनाही मान न दुखवता बघता येईल. मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश नकोच. उजेडाने रंग फिके पडतात, आणि ते नुकसान साठत जातं. एका फ्लॅशचं दिसत नाही, हजारोंचं दिसतं. मुलीला वही द्या, पण पेन्सिल द्या. पेनाची शाई एखाद्या वस्तूवर उडाली तर निघत नाही, म्हणून संग्रहालयात पेन्सिलच बरी.

वडिलांसाठी: गाडी संग्रहालयापर्यंत वर जाते, पायऱ्या चढायची गरज नाही. दर अर्ध्या तासाने त्यांना बसवा. संग्रहालयातल्या फरशीवर सावकाश रेंगाळत चालल्याने गुडघे जास्त दुखतात, सरळ रस्त्याने तितकं चाललं तर इतका त्रास होत नाही. वर मूळपीठाला यमाईचं दर्शन घेणार असाल तर मंगळवार-शुक्रवार टाळा. देवीचे वार असल्याने डोंगरावर गाड्यांची रांग लागते.

रिकाम्या दिवसांत संग्रहालयात जे बिघडतं ते वेगळंच असतं. माणसं नाहीत म्हणून दालनातले दिवे बंद ठेवलेले असतात. लोक अंधारात अर्धवट बघून बाहेर येतात आणि "काही विशेष नाही" म्हणतात. दिवे लावायला नम्रपणे सांगा, लावतात. रंगरंगोटी, गळतीची दुरुस्ती, पेट्या हलवणं ही कामंही याच दिवसांत निघतात, त्यामुळे एखादं दालन बंद असू शकतं. वीज गेली तर अर्धा तास वाट बघायची तयारी ठेवा. ओल्या छत्र्या आणि ठिबकणारे रेनकोट आत नेऊ नका, सांगितलं नाही तरी. बंद दालनात चार ओली माणसं शिरली की दमटपणा वाढतो, आणि कागद, कापड, लाकूड तो आधी शोषून घेतात. मग बुरशी येते. एक मोठी प्लास्टिकची पिशवी गाडीत असू द्या, तीत रेनकोट कोंबून बाहेर ठेवायचे.

औंधात जेवणाची फार निवड नाही, पावसाळ्यात तर आणखी कमी. डबा घेऊन जा. सुटे पैसेही ठेवा, नेट गेलं की मोबाइलवरून पैसे देणं अडतं.

साताऱ्याचं वस्तुसंग्रहालय दुसऱ्या दिवशी सकाळी. एसटी स्टँडच्या जवळच आहे, शोधावं लागत नाही. शस्त्रं, पोशाख, नाणी असा हा संग्रह आहे आणि मुलीच्या सातवीच्या इतिहासाला थेट लागू पडतो. तिला सगळं दाखवायचा हट्ट धरू नका. दीड तासानंतर मुलांचंच काय, मोठ्यांचंही लक्ष उडतं. तिने तीन वस्तू निवडाव्यात आणि प्रत्येकीसमोर दहा मिनिटं काढावीत. तलवार असेल तर मूठ कशी धरली जात असेल, हात किती आत जातो, पातं सरळ की वाकडं; अंगरखा असेल तर शिवण कुठे आहे आणि बंद कुठल्या बाजूला. डिसेंबरात जे जमलं नाही ते हेच.

दुपारी लिंबची बारा मोटांची विहीर. महामार्गावरून आत वळून साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. नाव बाराचं असलं तरी वर मोटेच्या जागा पंधरा आहेत. मुलीला मोजायला लावा. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत विरूबाईंनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा दिसतो: अष्टकोनी मोठी विहीर, जोडून लहान विहीर, आणि दोहोंच्या मधल्या पुलावर चक्क एक महाल. उतरताना शिलालेख आणि शरभांची शिल्पं आहेत. तिथे थांबा, बहुतेक जण फोटो काढायच्या नादात ती ओलांडून जातात. भरदुपारी बाराच्या सुमाराला जा, आत उजेड तेव्हाच उतरतो. पावसात पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून वडिलांनी वर थांबावं. त्यांचं फारसं नुकसान नाही, कारण मोटा कुठे लागायच्या, बैल कुठल्या उतारावरून चालायचे, पाणी कुठून पाटात पडायचं हे वरूनच कळतं. कठड्यापासून मुलीचा हात सोडू नका.

तिसरा दिवस वाई-मेणवलीला ठेवायचा का, हे धरणावर ठरेल. बाहेरगावचे लोक पावसाचा अंदाज बघतात आणि धरणाचा विसर्ग बघत नाहीत. नदीच्या घाटावरच्या जागांना पाऊस आडवा येत नाही, विसर्ग येतो. धोम धरणातून पाणी सोडलं की वाईचा गणपती घाट आणि मेणवलीचा घाट पाण्याखाली जायला लागतात. कण्हेर धरणातून सोडलं की वेण्णा फुगते आणि संगम माहुलीच्या नदीकाठच्या समाध्या दिसेनाशा होतात. धरणं साधारण जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये भरत येतात, त्यामुळे जुलैच्या मध्यावर घाट उघडे सापडण्याची शक्यता बरी असते. आदल्या संध्याकाळी स्थानिक बातम्यांत धोमच्या विसर्गाचा आकडा बघा. विसर्ग चालू असेल तर घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, पाणी दोनच पायऱ्या वर आलेलं दिसलं तरी. विसर्ग वाढवला की पातळी चढायला फार वेळ लागत नाही.

विसर्ग चालू नसेल, तर वाईला ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूने फेरी मारा. हे देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. मागची भिंत सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती केली आहे, पुराचं पाणी त्या धारेवर कापलं जाऊन दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. उन्हाळ्यात ही नुसती एक वेगळी भिंत वाटते. विसर्ग चालू असून नदी फुगलेली असली, तर तिचं काम डोळ्यांसमोर चाललेलं असतं, आणि तेव्हा ते रस्त्यावरून, सुरक्षित अंतरावरून बघता येतं. पावसाळ्यात वाईला जावं ते याचसाठी. मेणवली तिथून तीन किलोमीटर. घाटावरची घंटा वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा; तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे साल मुलीला शोधू द्या. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे, विचारूनच आत जायचं. कधी कधी शूटिंगसाठी घाट आणि वाडा अडवलेला असतो, तेही निघण्याआधी वाईत विचारून घ्या.

आता प्रतापगड का नको. जुलैत गडावर बहुतेक वेळा धुकं असतं, दहा पावलांपुढचं दिसत नाही. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाच्या भेटीत तिथे काय घडलं ते समजायचं तर खालची जावळी, दऱ्या आणि वाटा दिसायला हव्यात. गड बघायचा तो त्यासाठी. शिवाय रस्ता आंबेनळी घाटाचा. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलीमीटरहून जास्त पाऊस झाला आणि हा घाट जागोजागी खचला. वडिलांना आणि मुलीला घेऊन त्या रस्त्यावर जायचं काहीच कारण नाही. वासोटा किल्ल्याचा विचारही करू नका. तो कोयना अभयारण्यात आहे आणि पावसाळ्यात बंद असतो.

अजिंक्यताऱ्याचं मात्र तसं नाही. शहराच्या डोक्यावरच असल्याने सकाळी उठून वर पाहायचं, माथा दिसला तर जायचं. गाडी दरवाजापर्यंत जाते. १७०० मध्ये औरंगजेबाच्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावला आणि तट त्यांच्याच फौजेवर कोसळला, हे वर उभं राहिल्यावर मुलीला सांगण्याजोगं आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेकही साताऱ्यातच झाला. पण तटावर चढू नका आणि तटाच्या पायथ्यालाही टेकू नका. तटाच्या दोन दगडी भिंतींमध्ये माती-दगडांचा भराव असतो. पाऊस आत मुरला की तो भराव फुगतो, जड होतो आणि बाहेरच्या भिंतीला ढकलतो. पाणी बाहेर जायच्या मूळच्या वाटा पिंपळ-वडाच्या मुळ्यांनी बुजलेल्या असल्या की दाब आणखी वाढतो. बुरूज ढासळतात ते असे, आणि कधी कधी पाऊस थांबल्यावरही. मधूनच पोट सुटलेली भिंत दिसली, की तिच्यापासून लांबूनच जायचं.

शेवाळाचंही सांगून ठेवतो. हिरव्या गुबगुबीत शेवाळापेक्षा काळं, चकाकणारं, नुसतं ओलं वाटणारं शेवाळ जास्त घसरवतं, कारण ते शेवाळ आहे हे कळतच नाही. उतरताना टाच आधी टेकवू नका. पाऊल आडवं, अख्खं टेकवायचं. नवे बूट नको. खाचा असलेल्या तळव्याचे, वापरून सैल झालेले बूट घाला आणि प्रत्येकाचे दोन जोड मोजे जास्त घ्या.

मुक्काम साताऱ्यातच करा. महाबळेश्वरला खोली निम्म्या दराने मिळेलही, पण तिथे या दिवसांत पाऊस आत येऊ नये म्हणून घरांना गवताच्या झड्या बांधलेल्या, अर्धी दुकानं बंद आणि अंथरूण-पांघरूण ओलसर. वडिलांच्या सांध्यांना ते सोसणार नाही. साताऱ्यात खोली घेताना दराआधी दोन गोष्टी विचारा: जनरेटर आहे का, आणि खोली तळमजल्यावर मिळेल का.

वार बुधवार-गुरुवार-शुक्रवार धरा. सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, सार्वजनिक सुट्टीलाही. शनिवार-रविवारी पावसाळ्यातही ठोसेघर-कासच्या गाड्यांनी साताऱ्यातले रस्ते भरतात. जाण्याआधी पंचांगात आषाढी एकादशी पाहून घ्या. तिच्या आधीच्या दिवसांत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद-फलटण भागातून जाते आणि तिकडची वाहतूक वळवलेली असते. श्रावण लागला की शिवस्थानं रिकामी राहत नाहीत, सोमवारी तर नाहीच. म्हणून पाटेश्वर, माहुली हे करायचं असेल तर आषाढातच.

आणि प्रतापगडासाठी मुलीला फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा किंवा मार्चचा पहिला पंधरवडा कबूल करा. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात, सहली संपलेल्या असतात, मेची झुंबड लांब असते, हवा कोरडी आणि दगड पायाखाली पक्का. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत प्रतापगडही आहे, त्यामुळे सुट्ट्यांतली गर्दी वाढतीच राहणार. मार्चमध्येही सकाळी नऊच्या आत गडावर पोचा.

दोन्ही संग्रहालयांना मंगळवारी फोन करून तीनच गोष्टी विचारा: कुठली दालनं बंद आहेत, शेवटचं तिकीट किती वाजता देतात, आणि त्या दिवशी एखादी शाळा येणार आहे का. येणार असेल तर तिची वेळ विचारून तुमची दोन तास पुढे-मागे करा.